दोन खेपांचं पाणी

वेणू,

गावात सध्या एकच वाक्य फिरतंय. "वेणूचा पाण्याचा अंदाज चुकला. पाहुण्यांना वेळ चुकीची सांगितली, मग निस्तरायला स्वतःच गेली." मासळीबाजारात ऐकलं, पिठाच्या गिरणीत ऐकलं. परवा बोईसरला बँकेच्या रांगेत उभी होते, तर पुढच्या दोघी तेच बोलत होत्या. वाईट हेतूने कुणी बोलत नाही, हळहळूनच बोलतात. पण चाळीस वर्षं खाडीत तिसऱ्या, त्या शिंपल्या, वेचलेल्या बाईच्या नावाला ते वाक्य चिकटत चाललंय, आणि ते खोटं आहे. खोटं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अकरा दिवस मी गप्प बसले.

आज लिहून काढते. तुला वाचता येत नव्हतं, मी वाचायचे आणि तू ऐकायचीस. तसंच समज.

सगळं त्या कागदावरून झालं, म्हणून कागदापासूनच सांगते. कारखान्याची नोकरी सोडून मी गावात घरामागे तीन खोल्या बांधल्या, पाहुणे ठेवायला लागले आणि स्वयंपाकाला तुला बोलावलं. येणारा प्रत्येक जण विचारायचा, समुद्राच्या कडेकडेने गाडी कुठून कुठपर्यंत नेता येते, बघायला काय आहे, खायला काय मिळतं. दर शनिवारी तेच तेच सांगून माझा घसा बसायचा. बावीस वर्षं हजेरी विभागात काढलेली बाई मी. म्हटलं, एक कागद करू, छापू आणि हातात देऊ.

त्यासाठी आपण दोघी माझ्या जुन्या व्हॅनमधून दोन दिवस तो रस्ता फिरलो. ते दोन दिवस चांगले होते, हे मी तुला कधी म्हटलं नाही. केळव्याच्या सुरूच्या बनात तू डबा उघडलास आणि उकडहंडीची भाजी खाताना शेजारच्या सहलीतल्या बायकांना, कुणी विचारलेलं नसताना, त्यांच्या भाजीत काय कमी आहे ते सांगितलंस. माहीमहून शिरगावला किल्ला बघितला. सातपाटीला बांबूंवर वाळत घातलेले बोंबील हातात घेऊन तू त्या विकणारणीला म्हणालीस, "हा बोंबील हाय का चपलीचा पट्टा?" ती म्हणाली, "घ्यायचा तर घे, नायतर तुज्या गावाला जा." मग दोघींनी एकमेकींच्या गावाचा उद्धार केला, ओळखी निघाल्या, आणि येताना तिने तुला मूठभर सुका जवळा फुकट दिला. मी गाडीत बसून घड्याळ बघत होते.

नकाशात किनारा सरळ दिसतो, रस्ता तसा नाही. दर थोड्या अंतराने खाडी आडवी येते आणि गाडीला आत पालघरकडे वळावं लागतं. पुढे सरावलीला पाळी सुटलेल्या कामगारांच्या सायकलींतून वाट काढायची, पामवरून जायचं, तेव्हा कुठे परत समुद्र दिसतो. तू म्हणालीस, "शैलाबाय, याला काय किनाऱ्याचा रस्ता बोलतात? अर्धा येळ तर कारखान्याचा वासच घेतोय." ते वाक्य मी कागदावर घातलं नाही.

तारापूरच्या बत्तीपाशी, म्हणजे दीपगृहापाशी, मात्र तू मला गाडी थांबवायला लावलीस. तुझा बाप तांडेल. समुद्रातून परत येताना हीच बत्ती धरून होडी घराकडे वळवायचा. तू ती आयुष्यभर त्याच्या तोंडून ऐकली होतीस आणि पायथ्याशी उभी त्या दिवशी पहिल्यांदा राहिलीस. तिथल्या माणसाने वर जायला मनाई केली. तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "माज्या बाला हिनं तीस वरसं घरी आनला, आनि मला जिना चढू देत नाय?" तो हसला, पण नियम तो नियम. तू त्याला पिशवीतली तळलेली मांदेली दिलीस आणि आपण चिंचणीकडे निघालो. डहाणू, बोर्डी, चिकू, ताडगोळे, सगळं मी वहीत टिपत होते. तू खिडकीतून नुसती बघत होतीस.

परत आल्यावर मी कागद लिहिला. पुढच्या बाजूला गावं, किनारे, खायच्या जागा. मागच्या बाजूला त्या महिन्याचं भरती-ओहोटीचं कोष्टक. ते कोष्टक तुझंच. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते, हे तू मला बोटांच्या पेरांवर शिकवलंस. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनला. त्यानंतर सहा तासांनी, नऊला, ओहोटी पुरी. मला ते फार आवडलं. मी लगेच रकाने आखले. तू म्हणालीस, "आता तू पान्याला पन हजेरीवर घेशील."

आणि मग मी त्यात ती वाट घातली.

आपल्या गावाजवळच्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीला वाळू उघडी पडते. पलीकडच्या गावाला जायला गावकरी तिच्यावरून टेम्पो घालतात, पाऊण तासाचा वळसा वाचतो. त्या खाडीचं नाव इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं तेवढं पुरे. मी लिहिलं होतं की ओहोटी पुरी झाल्यापासून दीड तासापर्यंत गाडी वाळूवरून पलीकडे नेता येते, दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो, फोटो सुंदर येतात. "फोटो सुंदर येतात" हे शब्द माझे आहेत.

तू पहिल्या दिवसापासून विरोधात होतीस. दोन वर्षं आपण त्यावर भांडलो. माझं म्हणणं असं की लोक तसंही जातातच, चुकीच्या वेळी जाण्यापेक्षा बरोबर वेळ सांगितलेली बरी. माझं हे म्हणणं मला तेव्हा बिनतोड वाटायचं. तू म्हणायचीस, "गाववाला जातो तो पान्याकडं बघत जातो. तुजे पाव्हने मोबाईलकडं बघत जातात." मी म्हणायचे, म्हणून तर कागद दिलाय. तू चुलीकडे तोंड करून बडबडायचीस आणि भाकरी जरा जोरात थापायचीस.

तरी दर महिन्याला, छापायला देण्याआधी, मी कोष्टक तुला वाचून दाखवायचे. तू मासे साफ करता करता ऐकायचीस आणि मध्येच थांबवायचीस. "या टायमाला नवमी येक की दोन? क्यालेंडर बघ." कधी कधी कॅलेंडरात एकच तिथी दोन दिवस येते, कधी एखादी गळते. मी दिवस मोजायचे, तू चंद्र मोजायचीस. तीन-चार वेळा तरी तू माझी चूक पकडलीस. मी खोडून दुरुस्त करायचे आणि कोष्टकाखाली "दरमहा तपासलेले" असं छापायचे. कोणी तपासलेलं, ते लिहायचं मला कधी सुचलं नाही.

या महिन्यात तू तपासलं नाहीस. कारण आपण बोलत नव्हतो.

त्याच्या आधी एक मोटरसायकलवाला वाळूत रुतला होता. माझ्याकडचाच पाहुणा, माझाच कागद. वेळ बरोबर होती, जागा चुकली होती. तुम्ही चौघींनी त्याला ओढून काढलं. तशीच चिखलाच्या पायांनी तू माझ्या ओट्यावर आलीस.

"कागदावरनं ती वाट काड."

"वेणू, तो मूर्ख होता. बाकी शंभर लोक नीट गेले."

"काड, नायतर मी तुज्या चुलीला हात लावत नाय."

"नको लावूस."

मी एवढंच म्हटलं. पाहुण्यांसमोर मला कुणी दम दिलेला चालत नाही. तू आत जाऊन मासे कापायची तुझी मोरळी पिशवीत घातलीस आणि गेलीस. मी त्या दिवसापासून स्वतः स्वयंपाक केला. बरा झाला. दोन दिवसांनी नव्या महिन्याचं कोष्टक बसून केलं, कुणाला न दाखवता बोईसरला छापायला टाकलं. चतुर्थी दोन दिवस होती. मी दुसरी चतुर्थी पंचमी धरली.

एवढीच चूक. पाऊण तासाची.

ते ठाण्याचं कुटुंब होतं. नवराबायको, दोन मुलं आणि आजोबा. आजोबांचा गुडघा दुखायचा, म्हणून त्यांना पुढच्या सीटवर बसवायचे. सकाळी घावन खायला त्यांनी वेळ लावला. त्या बाईने मला विचारलं, "काकू, आता निघालो तर चालेल ना?" मी कोष्टक बघितलं. दुसऱ्या चतुर्थीच्या रकान्यात मी पंचमीचं गणित मांडलं होतं: ओहोटी पावणेदहाला, वाट सव्वाअकरापर्यंत. मी म्हटलं, "अकराच्या आत वाळूवर उतरा, आरामात जाल." खरी ओहोटी नऊला झाली होती. साडेदहाला वाट संपली होती.

पुढचं मला जमनाने सांगितलं, तुझ्याबरोबर तिसऱ्या वेचणारी. तिच्याकडे जायला मला दहा दिवस लागले. तोवर पोलीस येऊन गेले होते. मुलांच्या बापाने जबाब दिला की सगळे जातात म्हणून आम्ही गेलो. कागदाचं नाव त्याने काढलं नाही. का, ते मी त्याला विचारलं नाही. त्यालाही स्वतःची लाज असेल. मला हायसं वाटलं, हेही इथे लिहिते.

आणि गावाने स्वतःच हिशेब जुळवला. पाहुणे माझ्याकडचे, माझ्याकडे पाण्याच्या वेळा सांगणारी वेणू, तेव्हा वेळ वेणूनेच सांगितली असणार. आपलं भांडण झालंय, तू आठ दिवस माझ्या दारात आली नाहीस, हे कुणाला माहीत नव्हतं. सांगायला हवं होतं ते मी, आणि मी पाहुण्यांची पुढची नोंदणी रद्द करत बसले होते.

मग तुझ्या कवितासमोर गेले. तुझी मुलगी दिसायला तुझ्यासारखी नाही, पण दारात उभी राहते तुझ्यासारखीच, चौकट अडवून. सरावलीहून रजा टाकून आलेली. मी आत न जाता दारातच सगळं सांगितलं. भांडण, कोष्टक, चतुर्थी, अकराच्या आत. मला वाटलं होतं, ओरडेल. ओरडली असती तर सोपं झालं असतं.

शेवटी म्हणाली, "मावशी, हे मला कशाला सांगता?"

"तुला माहीत असायला हवं."

"मला म्हाईतच होतं की आय चुकली नाय. आयला पानी कळत नाय असं मी कवा म्हनाले? गावाला सांगा. परवा समाजमंदिरात सभा हाय, सगळे येनार. तितं उभं राहून सांगा."

मी म्हटलं, "सांगते."

"आनि जमनामावशीला भेटा आदी. काय झालं ते तुमाला पुरतं ठाव नाय."

जमना अंगणात बसून जाळं तुणत होती. तिने मला बसायला सांगितलं नाही, मी बसले. ती माझ्याकडे न बघता बोलत होती.

"साडेधाला तिनं आमाला बाहेर काडलं. 'पानी फिरलं, चला गो.' टोपल्या अर्ध्याच भरल्या व्हत्या, आमी कुरकुरलो. वर येऊन धूत बसलो. अकराच्या सुमाराला गाडी उतरली. वेनू हात हलवत धावली, वरडली. त्यांनी काचा वर केल्या."

त्या काचांबद्दल मला मुलांच्या आईने सांगितलं होतं. त्यांना वाटलं होतं, बाई काहीतरी विकायला बोलावतेय.

"मधी जाऊन चाकं बसली. आमी पाच जनी व्हतो, कुनाचा पाय पुडं व्हईना. वेनूनं पान्याकडं बघितलं. आसं उभं राहून, जरा येळ. मग बोलली, 'दोन खेपांचं पानी हाय.' लुगडं खोचलं आनि गेली."

पहिल्या खेपेला तू दोन्ही मुलं आणलीस, एक कमरेवर, एक हाताला. दुसऱ्या खेपेला त्यांची आई, आणि तिला धरून बाप. तो पोहू शकत नव्हता. काठाला आल्यावर तू वाकून गुडघ्यांवर हात ठेवलेस. पाणी तोवर गाडीच्या खिडकीला लागलं होतं. जमनाने तुझा पदर धरला.

"मी बोलले, झाल्या दोन. बस झालं गो. तिनं पदर सोडवला. बोलली, 'म्हातारा बसलाय.' बस, येवडंच."

आजोबांना तू खिडकीतून ओढून टपावर चढवलंस. कसं, ते आजोबांनाही सांगता येत नाही. पलीकडच्या गावाची होडी आली तेव्हा ते टपावर होते. तू गाडीपाशी नव्हतीस. खाडीच्या तोंडाशी पाणी भरताना ओढ कशी असते, ते तूच मला शिकवलं होतंस. तू सापडलीस ती रात्रीच्या ओहोटीला, त्याच वाळूवर.

आजोबा बरे आहेत. त्यांचा दोनदा फोन आला. त्यांना मी कागदाचं सांगितलं. ते म्हणाले, "असं कसं झालं हो?" मी चतुर्थीचं समजावलं. त्यांना समजलं की नाही, माहीत नाही. मलाच ते कारण सांगताना फार लहान वाटत होतं. एवढ्याशा चुकीने माणूस जायला नको.

उरलेले कागद मी चुलीत घातले. खोल्या बंद केल्या आहेत. पुढे काय करायचं ते ठरलेलं नाही. कुणी म्हणालं, पोलिसांकडे स्वतःहून जा. सभा झाली की जाणार आहे. काय होईल ते होईल. सकाळी भाकरी करताना मी अजून मागे वळून म्हणते, "वेणू, मीठ बघ." मग स्वतःच बघते. मीठ नेहमी कमी पडतं.

तुझ्याशी भांडायचं ते राहून गेलं. म्हणजे असं की तू शहाणी होतीस तर तिसऱ्यांदा का गेलीस? पाणी तुला कळत होतं. तू ते डोळ्यांनी मोजलंस, मोठ्याने सांगितलंस, पाच बायकांनी ऐकलं. तुझा अंदाज मिनिटाने चुकला नाही. दोनच खेपांचं पाणी होतं. मला राग येतो तुझा, आणि तो राग काढायला तू नाहीस. आणि त्याच्याआधी मला हे म्हणायचं होतं की वाट काढून टाकते, ये परत. पुढच्या सोमवारी म्हणणार होते. पाहुण्यांची गर्दी ओसरली की. अशा गोष्टींनाही मी वार ठरवते.

हा मजकूर आज संध्याकाळी कविताला वाचून दाखवला. ती भिंतीला टेकून ऐकत होती. आधीच्या खर्ड्यात मी एका ठिकाणी "देवमाणूस" असं लिहिलं होतं. ती म्हणाली, "ते काडा. भांडखोर व्हती ती. देवमानूस लिवलं तर कुनी वळखनार नाय." काढलं. "तिला वाचता येत नव्हतं" हेही काढू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या. खरंच हाय ते." मग तिने मला जमनाची वाक्यं पुन्हा वाचायला लावली. "दोन खेपांचं पानी हाय," या वाक्याला ती उठून आत गेली, तोंड धुऊन बाहेर आली.

मी तिला विचारलं, उद्या समाजमंदिरात मी बोलेन तेव्हा शेजारी उभी राहशील का. लोक काय करतील सांगता येत नाही. मला भीती वाटत होती, म्हणून विचारलं.

"नाय," ती म्हणाली. "शेजारी नाय उभी ऱ्हानार. मी समोर बसनार, पहिल्या रांगेत. आयच्या जागी बसून आयकनार."

उद्या दहाला सभा आहे. तुझ्या मुलीच्या तोंडाकडे बघून मला हे सगळं मोठ्याने वाचायचं आहे.

शैला